आयुगीची डुकरं

तिळाच्या ओळीत आयुगी मटकन खाली बसली, तेव्हा आम्ही बायका तिच्या नवऱ्याच्या डुकरांबद्दलच बोलत होतो.

सावडीचा दिवस होता. आमच्या बार-ओपोक गावात तिळाची खुरपणी कुणी एकटीनं करत नाही. आज हिचं रान, उद्या तिचं, आणि जिचं रान असेल तिनं दुपारचं जेवण घालायचं. त्या दिवशी रान आयुगीचं होतं. चार दिवस झोडपून पाऊस थांबला होता आणि ओली माती उन्हात अशी वाफाळत होती, की खुरप्यापेक्षा घाम पुसायचा हातच जास्त चालत होता. अशा वेळी तोंड चालवलं नाही तर काम सरत नाही.

"असली डुकरं म्या जल्मात पाहिली न्हाईत," एक म्हणाली. "पाठीवर बसून बाजाराला जावं. काय चारतो गं ओबुआ त्यास्नी?"

"त्यातलं घासभर बायकोला चार म्हनावं," मी म्हणाले. सगळ्या हसल्या, आयुगीही हसली, आणि हसता हसताच बसली.

मी जाऊन तिला धरलं. नात्यानं ती माझी धाकटी जाऊ, माझ्या वारलेल्या नवऱ्याच्या चुलतभावाची बायको. सातवा महिना लागला होता. पोट तेवढं पुढं आलेलं, बाकी अंगाला हात लावावा तिथं हाड. मला ते कधीपासून खटकत होतं. तिला जो आजार तोच मला, आणि गोळीही तीच. माझा ओजुका रांगत होता तेव्हापासून मी ती घेते. ओजुका आता लॉरीवर क्लीनर आहे आणि मी अशी की सायकलवाले मला कॅरिअरवर घ्यायला कुरकुर करतात. मग ही का वाळत चालली होती?

"सकाळची गोळी घेतलीस न्हवं?" मी हळूच विचारलं.

"आज न्हाई, उद्या."

"उद्या म्हंजी?"

"दिसाआड घ्यायची हाय ना, जाऊबाई. दवाखान्यात मालच कमी येतोय. सिस्टर म्हनली, जपून पुरवा."

"तुला म्हनली?"

"ह्यांना म्हनली. पोट वाढल्यापासून हेच सायकलीवर जाऊन आनतात."

माझ्या हातातलं खुरपं तसंच राहिलं. गेल्या आठवड्यात मी त्याच दवाखान्यातून, त्याच सिस्टरच्या हातून, गच्च भरलेली बाटली आणली होती. मी तिला ते सांगितलं. माझ्या तोंडाला कुलूप घालणारा अजून जन्माला आलेला नाही.

आयुगीनं हातातलं खुरपं मातीत रोवलं. मग म्हणाली, "थोरल्या आमोंगीच्या येळंला म्या रोज घेतली हुती. सिस्टर म्हनायची, एक दीस चुकवू नगं, पोर चांगलं निघंल. आमोंगी चांगली निघाली. आन् ह्या पोराला..." तिनं पोटावर हात ठेवला.

ती उठली ती थेट घरी निघाली. मी मागून. अंगणात तिचा वाटण वाटायचा पाटा होता. नाचणी तांबडी, तीळ मळकट, आणि पाट्याच्या खरबडीत कडेला बसलं होतं पांढरंशुभ्र पीठ. आयुगीनं त्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मला वाटायचं, डुकरांसाठी मीठ कुटत्यात," ती म्हणाली. "कडू हाय जाऊबाई. तीच हाय."

गोळी जिभेवर जरा रेंगाळली की कशी लागते, ते आम्हा दोघींना कुणी सांगायला नको.

बाटली सापडली डुकरांच्या खोपटाच्या गवतात, वरच्या वाशापाशी खोचलेली. अर्धी शिल्लक होती. आयुगीनं मडक्यातलं पाणी घेतलं, उभ्या उभ्या एक गोळी गिळली, बाटली कमरेच्या कापडात खोचली आणि मला म्हणाली, "दोर आना."

तीन डुकरं होती. एक गाभण डुकरीण आणि दोन खच्ची केलेले नर. आम्ही त्यांच्या मागच्या पायांना दोर बांधले. मरणाची किंचाळत होती. गोळीनं डुक्कर फुगतं की नाही ते देव जाणे. मला विचाराल तर ती आयुगीनं आणलेल्या रताळ्याच्या वेलांनी आणि दारूच्या चोथ्यानं फुगली होती. पण ओबुआला बाजारातल्या कुणा डुकरंवाल्यानं सांगितलं होतं, आणि दुसऱ्यानं सांगितलेलं खरं मानण्यात आमच्या ओबुआचा हात कुणी धरणार नाही.

माझ्या घराची वाट एंगोलाआबांच्या अंगणावरून जाते. एंगोलाआबा म्हणजे आमच्या कुळाचे मुख्य. अंगणात दारूचं मडकं मांडलेलं, भोवती पुरुष बसलेले, दारू ओढायच्या लांब नळ्या तोंडात, आणि त्यात ओबुआ. तिन्ही डुकरं पाहून त्याच्या तोंडातली नळी गळाली.

"ए, कुटं नेतीस?"

"जाऊबाईंच्या आंब्याला बांधाया."

"कुनाला इचारून?"

"ह्यांनी माजं खाल्लंय," आयुगी चालता चालता म्हणाली. "काय खाल्लं ते उद्या चिंचंखाली सांगते. आबा, उद्या बैठक हाय आपली."

बैठक बोलवायची ती आबांनी. बाईनं जाता जाता, डुकराचा दोर ओढत, बैठक ठरवल्याचं आमच्या कुळात कुणी ऐकलं नव्हतं. आबांनी होकाराची मान हलवली, आणि एकदा हलवलेली मान परत कशी घ्यायची?

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली सगळं कुळ जमलं. पुरुष खुर्च्यांवर, बायका खाली चटयांवर. ओबुआ धुतलेला सदरा घालून आला होता. मला तो बरा वाटायचा तसा. बायकोवर कधी हात टाकला नाही, आमोंगीला खांद्यावर घेऊन बाजारात हिंडायचा. म्हणूनच राग जास्त आला मला.

"बोल गं," आबा म्हणाले. "डुकरांनी काय खाल्लं तुजं?"

"माजं औषध."

ओबुआ खुर्चीत मागं रेलला. त्याला वाटलं, इथंच ही अडणार. गावात ही गोळी खूप जण घेतात, पण चारचौघांत नाव कुणी काढत नाही. माझी गोष्ट वेगळी, मी विधवा, टाकून दिलेल्यातली, माझं सगळ्यांना ठाऊक. तो गोड आवाजात म्हणाला, "कसलं औषध गं? सांग की आबांना."

"एड्सचं," आयुगी म्हणाली. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "माज्या रक्तात एच.आय.व्ही. हाय. गोळी रोज घेतली की तो दबून ऱ्हातो, आन् पोटातल्या पोरापर्यंत जात न्हाई. मला ह्यांनी सांगितलं, दिसाआड घे, माल न्हाई. आन् उरलेल्या गोळ्या माज्याच पाट्यावर वाटून डुकरांना घातल्या. आता इचारा ह्यांना, खोटं असंल तर."

दोघीतिघी बायका मान खाली घालून चटईच्या काड्या उपटत होत्या. कुणी ते मी सांगणार नाही.

ओबुआचा सदरा पाठीवर भिजला. "आबा, म्या कुनासाठी केलं?" तो म्हणाला. "नाताळला डुकरं इकून घरावर पत्रा टाकनार हुतो. हीच म्हनते, छप्पर गळतंय, छप्पर गळतंय. एक दीस आड गोळी घेतली तर मानूस मरतं व्हय? बाजारातला मानूस म्हनला—"

"पत्र्याखाली माजं मढं कोरडं ऱ्हायलं असतं, येवढंच," आयुगी म्हणाली.

आबांनी काठी आपटली. त्यांचा निकाल मला आधीच पाठ होता. भांडण कसलंही असो, त्यांचा निकाल तोच. "ओबुआ, चुकलास. एक बकरं आन. एक मडकं दारू घाल. नवराबायकोनं एका मडक्यातनं प्यायचं, कुळानं बकरं खायचं, मिटलं."

"बकरं कुळानं खायचं?" आयुगीनं विचारलं.

"रीतच हाय."

"म्हंजी माजं औषध डुकरांनी खाल्लं, आन् त्याचा दंड तुमी खानार."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी फसकन हसलं. मीच हसले होते. आबांनी माझ्याकडं पाहिलं, आणि आयुगीनं तेवढंच हेरलं.

"आबा, गेल्या साली ह्या जाऊबाईंची शेळी तुमच्या तिळात घुसली. कुटं बांधलीत?"

"माज्या दारात. जनावरानं ज्याचं खाल्लं त्याच्या दारात ते बांधायचं. भरपाई आली की सोडायचं. बापजाद्यांपासून हाय ते."

"मंग सोडलीत कवा?"

आबांच्या आधी मीच बोलले. "न्हाई सोडली. भरपाई मला जमली न्हाई. तिला दोन पिल्लं झाली. दोन्ही गोजिरी हायत. आबांच्या गोठ्याम्होरनं जाता येता बघते मी."

आता सगळेच हसले. आयुगी मात्र हसली नाही. ती उठून उभी राहिली, एका हातानं कंबर धरून.

"मंग माजंबी तेच. डुकरांनी माजं खाल्लं, म्या माज्यातर्फे जाऊबाईंच्या दारात बांधली. ह्यांनी भरपाई द्यावी आन् खुशाल न्यावी. पैका नगं मला. नव्या गोळ्याबी नगंत, त्या मला सिस्टर देईल. ज्या दिसांच्या गोळ्या चुकल्या, ते दीस परत द्या. माजं पोर त्या दिसांत पोटात उघडं पडलं हुतं. ते दीस आना आन् डुकरं सोडा."

ओबुआ आबांच्या तोंडाकडं बघायला लागला.

एक जण म्हणाला, बाईमाणसानं कोंबड्या पाळाव्यात, डुकरं पुरुषाची. आबांनी त्याला हातानंच थांबवलं. बराच वेळ ते काठीनं माती उकरत बसले. त्यांच्या डोक्यात न्यायापेक्षा माझी पिल्लं जास्त घोळत असणार. हिला नाही म्हणावं, तर शेळी मला परत द्यावी लागेल. शेवटी ते उठले. "रीत बाई-बाप्या बघत न्हाई. भरपाई येईस्तोवर डुकरं आयुगीची. आन् ओबुआ, तिला दवाखान्यात तूच न्यायचं, गोळ्या तिच्या हातात पडताना डोळ्यांनी बघायचं. बाटलीला हात लावायचा न्हाई."

असली भरपाई कुठून येणार? डुकरं आयुगीची झाली.

त्या आठवड्यात आयुगी सायकलच्या कॅरिअरवर बसून दवाखान्यात गेली. ओबुआ सायकल हातानं ढकलत होता. सिस्टरनं त्याला जे झापलं, ते मी इथं सांगत नाही. मला आवडलं, एवढंच. तिनं त्यालाही तपासून घे म्हणून सांगितलं. ओबुआचं उत्तर ठरलेलं, "बायकोची तपासणी झाली म्हंजी माजीबी झाली." आणि दवाखान्याच्या अंगणातून सायकल काढून तो झाडाखाली जाऊन उभा राहिला.

पुढचे दोन महिने मी रोज संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की आयुगीच्या दारात जाऊन बसायची. ती गोळी गिळायची, मी माझी गिळायची. ती कशाचंच बोलायची नाही. मी मात्र आतून घाबरलेली होते. चुकलेल्या दिवसांचं काय झालं असेल, हे सिस्टरलाही पोर जन्मल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

पोरगा झाला. त्याला थेंब थेंब औषध पाजलं, टाचेचं रक्त पाठवलं, आणि तिळाच्या काढणीत आम्ही पेंढ्या उभ्या करत होतो तेव्हा आयुगी दवाखान्यातून येताना दिसली. ती बांधावरूनच ओरडली, "चांगला हाय जाऊबाई, पोरगा चांगला हाय." मी तिळाच्या पेंढीवर बसून रडले. आधी ती पेंढी मोडल्याबद्दल मला बोलली, मग तीही रडली.

डुकरिणीची पिल्लं विकून आयुगीनं पत्रा आणला. पण टाकला स्वयंपाकाच्या खोपटावर, जिथं ती पोरांना घेऊन निजते. ओबुआचं छप्पर गवताचंच राहिलं आणि गळतच राहिलं.

उन्हाळ्यात ओबुआ खोकायला लागला. सदरा अंगावर लोंबायला लागला. या वेळी आयुगी काही बोलली नाही. तिनं सायकल काढली, त्याला कॅरिअरवर बसवलं आणि स्वतः ढकलत नेली. गावानं ते पाहिलं. परत आला तेव्हा त्याच्या मांडीवर त्याची स्वतःची बाटली होती.

आता संध्याकाळी बातम्यांना आम्ही तिघं बसतो. बाटल्या आयुगीच्या कमरेला असतात. काल तिनं ओबुआच्या हातावर गोळी ठेवली, तर त्यानं तोंड वाकडं केलं. केवढी मोठी, केवढी कडू, उद्या घेतली तर नाही का चालणार.

"गिळा," आयुगी म्हणाली. "माजी डुकरं कुरकुर न करता खायची."

ओबुआनं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. मग त्यानं गोळी गिळली आणि आयुगीनं त्याला तोंड उघडून दाखवायला लावलं.