तीन नंबरची वायर

ही दोन हजार बावीस सालातली गोष्ट. त्या वर्षी दसरा बुधवारी आला आणि प्रेमलाच्या घरात सणापेक्षा वाराचीच चर्चा जास्त झाली. तिचे यजमान शामकांत यांची मूत्रपिंडं निकामी होऊन चार वर्षं झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार पाथर्डीहून नगरला डायलिसिसला जायचं, हा क्रम कधी चुकला नव्हता. दसऱ्याला मात्र सेंटर बंद. "गुरुवारी अकराला या," असं त्यांनी कळवलं होतं.

"एका दिवसानं काय होतंय?" असं म्हणून शामकांतांनी दसऱ्याच्या जेवणात दोन वाट्या शिकरण खाल्लं. केळं त्यांना बंद होतं आणि पाणीसुद्धा मापून होतं. संध्याकाळी त्यांच्या पायावर बोट दाबलं की खळगा पडायला लागला, आणि गुरुवारी उजाडलं तेव्हा ते पलंगावर उशीला टेकून बसलेले होते. आडवं झालं की दम लागत होता.

डॉक्टरांनी प्रेमलाला पूर्वीच एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं. असा दम लागला तर छातीत पाणी साठतंय असं समजा. आणि रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदय थांबताना सांगून थांबत नाही. हे वाक्य तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. गाडी बाहेर काढताना तेच तिच्या डोक्यात घोळत होतं.

गाडी ती स्वतः चालवायची. एकतीस वर्षं तिनं एस.टी. डेपोत कारकुनी केली. कुठली गाडी किती वाजता सुटते ते झोपेत विचारलं तरी सांगायची, पण स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. बासष्टाव्या वर्षी शिकली. मुलगा सुहास पुण्याला, आणि आठवड्यातून तीनदा कोण कुणासाठी येणार?

तिसगाव मागं पडलं आणि गाडीनं एक गचका दिला. मग दुसरा. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

"काय झालं गं?" शामकांतांनी डोळे न उघडताच विचारलं.

"काही नाही. रस्ता खराब आहे."

रस्ता गुळगुळीत होता. प्रेमलाचे तळहात स्टिअरिंगवर घसरायला लागले. करंजी घाटाचा चढ लागला तशी गाडी थरथरू लागली. प्रेमला अॅक्सिलरेटर दाबत होती आणि जोर कुठंतरी मुरत होता. दुसऱ्या वळणावर इंजिन एकदम बसलं. मागून मालाचा ट्रक येत होता, त्याचा हॉर्न थेट पाठीत घुसला. तिनं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, तरी गाडी हातभर मागं सरकली. उजव्या हाताला कठडा होता आणि कठड्यापलीकडं नुसती हवा. ट्रकचा क्लीनर उडी मारून उतरला आणि त्यानं चाकामागं दगड लावला, म्हणून गाडी थांबली.

डेपोत असताना अशा नोंदी तिनं शेकड्यांनी लिहिल्या होत्या: 'करंजी घाटात गाडी बंद, प्रवासी मागील गाडीने रवाना.' लिहिताना चहा शेजारी असायचा. ते प्रवासी रस्त्याच्या कडेला कसे उभे राहत असतील, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"तुझ्या एस.टी.त दुसरी गाडी तरी मागवायचे," शामकांत धापा टाकत म्हणाले. "मला आता कशात बसवतेस?"

तिला हसू आलं नाही. तिनं अॅम्ब्युलन्सला फोन केला. जवळची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेली होती, कधी परत येईल ते सांगता येत नव्हतं. एक एस.टी. आली ती दाराला माणसं लोंबत. एका जीपवाल्यानं काच खाली करून आत पाहिलं, शामकांतांचा निळसर पडलेला चेहरा पाहिला, आणि "जागा न्हाई" म्हणून निघून गेला. जागा होती. वाटेत काही झालं तर आपल्या गळ्यात नको, एवढंच.

शेवटी ट्रकवाल्यांनीच गाडी हातानं वळवून दिली. "खाली पायथ्याला कानिफनाथचं गॅरेज हाय. उतारानं जा, ब्रेकवर पाय ठिवा." पुन्हा चालू केल्यावर गाडी कशीबशी धुगधुगत राहिली आणि प्रेमला ती तशीच खाली घेऊन आली.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि एक कडुनिंब. कानिफनाथ पस्तिशीचा असेल. सुपे गावच्या कारखान्यात सहा वर्षं वायरिंगच्या कामावर होता, ते सोडून इथं बसलेला. त्याची आई गोजरबाई शेडपुढं ज्वारी निवडत होती. तिनं शामकांतांकडं एकदा पाहिलं आणि सूप बाजूला सारलं.

"कान्या, आधी बाजंवर गोधडी टाक. ह्यांला निजवू नगं, टेकून बसव."

"मावशी, एक शिलिंडर मेलंय," कानिफनाथ नुसता आवाज ऐकून म्हणाला. "गाडी तीन पायांवर चाललीय. घाट चढनार न्हाई."

त्यानं स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. पडद्यावर आकडे आले. "तीन नंबरच्या इंजेक्टरचं सर्किट, म्हनतंय."

तेवढ्यात सुहासचा फोन आला. घाटातून तिनं त्याला कळवलं होतं; आता स्कॅनरचं ऐकून त्यानं दुसऱ्या फोनवरून शोरूमला विचारलं. "आई, कुणालाही हात लावू देऊ नकोस! इंजेक्टर बदलावा लागेल, त्यांची टोइंगची गाडी येतेय."

"कधी?"

"दोनपर्यंत."

प्रेमलानं घड्याळ पाहिलं. साडेनऊ झाले होते. उशीर होईल म्हणून कळवल्यावर सेंटरवाल्यांनी एक वाजेपर्यंत मशीन राखून ठेवू म्हटलं होतं. बाजेवर शामकांतांचे खांदे श्वासागणिक वर उचलले जात होते. ती मिनिटातले श्वास मोजायला लागली आणि बत्तीसवर मोजणं सोडलं.

"कानिफनाथ, तुम्ही बघा," ती म्हणाली.

त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. पहिला इंजेक्टर टकटकत होता. दुसरा टकटकत होता. तिसऱ्यावर तो बराच वेळ थांबला.

"हा मुका हाय. पन मुका हाय म्हंजे मेलाच असं न्हाई." त्यानं इंजेक्टरचा प्लग काढला, मीटर लावला. "इंजेक्टर चांगला हाय की! हे बघा मावशी, ह्याला दोन वायरी. एक करंट आनती. दुसरी गाडीच्या कॉम्प्युटरकडं जाती. तिकडून हुकूम आला की पेट्रोल उडतं." त्यानं प्लगमध्ये बारीकसा दिवा खोचला. इंजिन चालू असताना तो दिवा लुकलुकायला हवा होता. तो विझलेलाच राहिला. "करंट हाय, हुकूम न्हाई. वायर कुठंतरी तुटलीय. नवा इंजेक्टर घातला असता तरी गाडी अशीच राह्यली असती."

"तुजं हात चालू दे, त्वांड नगं," गोजरबाई म्हणाली. ती शामकांतांच्या पाठीला आपली पाठ लावून बसली होती, म्हणजे त्यांना टेकायला आधार.

कानिफनाथनं बॅटरी सोडवली, वरचं झाकण काढलं आणि वायरींच्या जुडग्यावरची काळी टेप सोलत गेला. मग थांबला. त्यानं चिमटीत काहीतरी धरून प्रेमलापुढं केलं.

खोबऱ्याचा तुकडा होता. कडेनं कुरतडलेला. हळद अजून चिकटलेली.

प्रेमलानं तो ओळखला. डेपोत दसऱ्याला मेकॅनिक लोक गाडीच्या तोंडाला हार घालून थांबत नसत. झाकण उघडून खुद्द इंजिनालाच हळदकुंकू लावत आणि त्यावर गूळखोबरं ठेवत. काम जो करतो त्याला नैवेद्य, असं तिथल्या एका म्हाताऱ्या फोरमननं तिला समजावलं होतं, आणि तिला ते फार पटलं होतं. गाडी घेतल्यापासून तीही दर दसऱ्याला तसंच करायची. पण डेपोतली गाडी नैवेद्य घेऊन दहाव्या मिनिटाला रस्त्याला लागायची. यांची गाडी काल सकाळपासून पत्र्याखाली उभी होती. गुळाच्या वासानं उंदीर आला, आणि गूळ संपल्यावर वायरींकडं वळला.

म्हणजे हे तिनंच केलं होतं. स्वतःच्या हातानं, डोळे मिटून, नवऱ्याला आयुष्य मागत.

"अहो," तिनं बाजेकडं जाऊन कसंबसं सांगितलं, "मी ठेवलेला नैवेद्य... उंदरानं..."

शामकांतांनी तिच्याकडं पाहिलं. एकेक शब्द तोडत म्हणाले, "प्रसाद त्यानं खाल्ला. आणि मिरवणूक माझी?" मग त्यांना खोकला आला, तो थांबेना, आणि ओठांवर फेस दिसला. गोजरबाईनं पदरानं तो पुसला आणि प्रेमलाकडं पाहायचं टाळलं.

"मावशी, हिकडं या," कानिफनाथ म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तीन नंबरची वायर आरपार तुटलीय, ती जोडतो. पन शेजारची दोन नंबरचीबी खाल्लीय. आत दोन तारा राह्यल्यात. आत्ता चालू हाय. घाटात धक्क्यानं तुटली तर गाडी दोन पायांवर येईल, जागची हलनार न्हाई. ती कापून नवी जोडावी म्हनतो."

"चालू वायर कापायची?"

"व्हय. माजा जोड चुकला, तर मातर हितून बी हलनार न्हाई. कॉम्प्युटरला कायबाय झालं तर मी भरून देऊ शकनार न्हाई. तुमी सांगाल तसं."

सुहासचा फोन पुन्हा आलेला होता, त्यानंही हे ऐकलं. "आई, अजिबात नाही! चालू आहे तिला कशाला हात? तू ऐकतेयस ना?" त्याचा आवाज चिरकला. तोही घाबरलाच होता, हे तिला कळलं, पण त्याच्या भीतीला सांभाळायला तिच्याजवळ आता जागा नव्हती. तिनं फोन बंद केला.

एकतीस वर्षं तिनं नियमाबाहेर कागद हलवला नव्हता. सही कुणाची, हे आधी पाहायची तिला सवय. इथं सही करणारी तीच होती. दोनपर्यंत वाट पाहिली तर हे राहतील का? आत्ता निघालो आणि घाटात पुन्हा बंद पडलो तर? दोन्हीकडं तेच एक उत्तर दिसत होतं, आणि त्याच्याकडं पाहवत नव्हतं.

"कापा," ती म्हणाली.

पक्कड मिटली तेव्हा अगदी छोटा आवाज झाला. प्रेमलानं कडुनिंबाला हात टेकला.

वीज नव्हती. कानिफनाथनं डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी गॅसच्या शेगडीवर तापवली, भंगारातल्या एका गाडीची तेवढ्याच जाडीची वायर काढली, तारा पिळल्या, कथिल लावलं, वर प्लास्टिकची नळी चढवून तीही कांडीच्या धगीवर आवळली. हात स्थिर होते, पण कपाळावरचा घाम पुसायलाही तो थांबला नाही. दुसरा जोड, मग तपासणी, मग टेप. साडेदहा. पावणेअकरा. शामकांत आता बोलत नव्हते. डोळे अर्धे मिटलेले, आणि घशातून बारीक घरघर.

बॅटरी जोडली. "मारा चावी."

पहिल्या चावीला इंजिन फिरलं आणि लागलं नाही. दुसऱ्या चावीला लागलं, एका सुरात. कानिफनाथनं स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि चार बोटं वर केली.

"तुमी चालवा, मी शेजारी बसतो," तो म्हणाला. "मी चालवाय बसलो तर ऐकू येनार न्हाई. आई, काकांना मागं धर." गोजरबाई ज्वारीच्या हातानं तशीच गाडीत चढली.

तो चढ प्रेमला कधी विसरली नाही. दुसरं वळण आलं, त्याच जागी, क्लीनरनं लावलेला दगड अजून तिथंच पडलेला. आणि गाडीनं गचका दिला.

"गेली!" ती ओरडली.

"न्हाई गेली. तिसऱ्या गिअरमधी हाय तुमी. दुसरा टाका." तो डोळे मिटून ऐकत होता. "टाका मावशी. मशीन चांगलं हाय, तुमी घाबरलाय."

मागून गोजरबाई म्हणाली, "घाबरू दे तिला. घाबरून बी चालवतीय न्हवं?"

प्रेमलानं दुसरा टाकला. गाडी चढली. माथ्यावर वारा लागला, पण नगरच्या वेशीपर्यंत तिनं आरशात एकदाही मागं पाहिलं नाही. पाहायचं धाडस नव्हतं. सेंटरच्या दारात वॉर्डबॉयनं मागचं दार उघडलं आणि "बाबा, खुर्चीत बसता का?" असं विचारलं. उत्तरादाखल "हो" असा शामकांतांचा चिरका आवाज आला, तेव्हा कुठं तिला समजलं की आपण जिवंत माणूस आणला आहे. डॉक्टर तपासून म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

शामकांत त्यानंतर एक वर्ष पाच महिने जगले. एका रविवारी दुपारी पेपर वाचता वाचता आपल्या खुर्चीत गेले. सुहास त्या दसऱ्यानंतरच्याच दिवाळीत आला होता तेव्हा मुद्दाम पायथ्याला थांबला. त्यानं शर्टाच्या बाह्या सावरल्या आणि कानिफनाथला फक्त "चहा घेणार?" असं विचारलं. आता त्याच्या गाडीचं काम पुण्याऐवजी तिथंच होतं. कानिफनाथनं शेडच्या जागी विटांची खोली बांधली आणि हाताखाली दोन माणसं ठेवली. गोजरबाईचे गुडघे गेले, ती आता बाजेवरूनच सगळ्यांना कामं सांगते. प्रेमलाची गाडी श्रीरामपूरच्या एका मास्तरांनी घेतली. ते दोन जोड अजून तसेच आहेत, असं त्यांनी मागं कळवलं.

प्रेमला पाथर्डीतच आहे. शामकांत गेल्यावर तिनं गाडी चालवली नाही. नगरला जायचं झालं तर एस.टी.नं जाते, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसते, आणि घाट संपेपर्यंत शेजारच्या बाईशी बोलत नाही.