तरंगलेलं बी

रामलाल बिसेन गेले त्याला दोन महिने होत आले होते. रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकायचे दिवस आले, तशी गावाला त्यांची आठवण पुन्हा होऊ लागली. तीस वर्षं ते पेरणीआधी घरोघरचं बियाणं आपल्या अंगणात तपासून देत. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतायचं. बुडेल ते पेरायला, तरंगेल ते कोंबड्यांना. "तरंगलं ते मेलं," एवढंच त्यांचं व्याख्यान.

त्यांची मुलगी दुर्गेश्वरी गावच्याच शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची. शाळा उघडल्यावर पहिला प्रयोग तिनं हाच निवडला. कुणी विचारलं असतं तर मोसमाला धरून आहे, असं तिनं सांगितलं असतं.

"तरंगलेलं काऊन फेकाचं जी?" हेमेंद्रनं पहिल्याच तासाला विचारलं. "उगवून पायलं का कोनी?"

तिच्या वडिलांनी, बाबूजींनी, ते कधी पेरून पाहिलं नव्हतं. मेलेलं आहे असं ठाऊक असताना कोण पेरतं?

"मग आपण पाहू," ती म्हणाली.

मुलांनी बुडालेले वीस दाणे एका वाटीत ओल्या फडक्यावर मांडले, तरंगलेले वीस दुसऱ्या वाटीत. पाचव्या दिवशी रुचीनं कोंब मोजून फळ्यावर लिहिले. तरंगलेले तेरा. बुडालेले नऊ.

वर्गात कुजबुज झाली. रामलालजींनी तपासून दिलेलं बी ज्याच्या घरी पेरलं गेलं नव्हतं, असं एकही पोर तिथं नव्हतं.

"कोंबड्याईची मजा होती त मंग," मागून कुणीतरी म्हणालं. पोरं हसली.

दुर्गेश्वरी हसली नाही. फळ्याकडे पाहत ती एकेक प्रश्न विचारू लागली. फडकं दोन्हींना सारखं ओलं होतं? होतं. ऊन एकाच वाटीवर पडत होतं? नाही. मिठाचं पाणी धुऊन काढलं होतं?

"तरंगलेले मी लगेच काढून नळाखाली धुतलो जी," हेमेंद्र म्हणाला. "बुडालेले रातभर बकेटीतच होते. तुमी मीटिंगले चालल्या गेल्या होत्या ना."

तिचा जीव भांड्यात पडला. रात्रभर खारट पाण्यात राहिलेलं बी उगवणार कसं? बाबूजी तर बी काढल्याबरोबर साध्या पाण्यानं तीनदा धुवायचे.

"मग हा प्रयोग बाद," ती म्हणाली. आवाज जरा जास्तच मोकळा निघाला. "पूस फळा."

रुचीनं डस्टर उचललं, पण पुसलं नाही. "मॅडम, एक विचारू काय?"

"विचार."

"बुडालेले तेरा आले असते अन् तरंगलेले नऊ, त मीठ धुतलं का म्हनून तुमी विचारलं असतं काय?"

बाहेर पोषण आहाराच्या भांड्यांचा आवाज येत होता. दुर्गेश्वरीला खोटं बोलता आलं असतं. मुलांनी ते मानलंही असतं.

"नसतं विचारलं," ती म्हणाली. "बरोबर म्हणून वहीत उतरवून घ्यायला लावलं असतं."

"रामलाल आजोबाचं खरं निघावं असं तुमाले वाटते." रुचीच्या बोलण्यात आरोप नव्हता.

"वाटतं."

मग तिनं तेरा आणि नऊ हे आकडे वहीत लिहायला सांगितले, आणि त्यांच्याखाली काय चुकलं तेही. प्रयोग पुन्हा करायचा ठरला. या वेळी सगळं बी लगेच काढायचं, तीनदा धुवायचं, आणि दोन्हींच्या दोन-दोन वाट्या मांडायच्या.

"वाट्यांवर नावं नकोत. एक ते चार आकडे टाका. कुठल्या आकड्यात काय, ते रुचीनं लिहून ठेवायचं. मोजणार मी."

"तुमाले बी नाही सांगाचं?"

"मलाच नाही सांगायचं."

"हां, मॅडमची त सख्खी पार्टी हाय," हेमेंद्र म्हणाला. या वेळी तीही हसली.

पाच दिवसांनी चार वाट्या टेबलावर आल्या. वहीचं पान रुचीनं घडी करून मुठीत धरलं होतं. दुर्गेश्वरीनं चष्मा लावला आणि टाचणीनं दाणा दाणा बाजूला सारत पहिली वाटी मोजली. अठरा.

दुसऱ्या वाटीत कोंब बारीक होते. दोन दाणे तर असे, की फुटले म्हणावं की नुसते फुगले म्हणावं. एरवी ते कुठल्या बाजूला टाकले असते, हे तिचं तिला चांगलं ठाऊक होतं. पण वाटी कुणाची, हेच आज माहीत नव्हतं. तिनं कपाटातून भिंग मागवलं. एक फुटला होता. एक नव्हता.

"अकरा," ती म्हणाली आणि तिसरी वाटी पुढे ओढली.