ओडीलबाईंची चुन्याची बादली

मित्रांनो, मी जस्ताची एक जुनी बादली. माझ्या आत डोकावलात तर चुन्याचे इतके थर दिसतील, की मूळचा पत्रा सापडायचा नाही. काही जण मला बघून नाक मुरडतात. खुशाल मुरडू देत! हे थर माझी आयुष्यभराची कमाई आहेत.

मी घडले एका कारखान्यात, पण मला घरी आणलं ते ओडीलबाईंच्या सासऱ्यांनी. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या पार दक्षिण टोकाला, खाडीच्या काठी, त्यांचं खांबांवर उभं असलेलं लाकडी घर होतं. वर्षभर मी त्यांच्या बोटीवर कोळंबी वाहायची. ऑक्टोबर सरत आला की मला घासूनपुसून माझ्यात चुना कालवायचे, कारण एक नोव्हेंबरला येणाऱ्या सर्व संतांच्या सणाआधी आमच्याकडे घरोघरची थडगी पांढरी करतात. आमच्या जमिनीत हातभर खणलं की पाणी लागतं. म्हणून गेलेल्या माणसाला जमिनीवरच, विटांच्या थडग्यात ठेवतात. ओडीलबाईंच्या मागच्या अंगणात, ओकच्या झाडाखाली, अशी त्यांची सात माणसं होती. त्यांतले शेवटचे त्यांचे यजमान, एमिल.

ओडीलबाई चुना लावता लावता सगळ्यांशी बोलायच्या. "सासूबाई, यंदा तुमच्यावर शेवाळ फार माजलंय हो!" किंवा, "एमिल, तुझ्या बोटीचं इंजिन अखेर विकलं. उगाच कुरकुर करू नकोस." सणाच्या दिवशी फादर यायचे, थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडायचे आणि म्हणायचे, "इतकी पांढरीशुभ्र रांग अख्ख्या खाडीत दुसरी नाही." तेव्हा माझी छाती अभिमानाने भरून यायची.

पुढे प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या. ओडीलबाईंचा मुलगा क्लोविस तयार रंगाचे डबे घेऊन आला. मला जिन्याखाली टाकलं आणि माझ्यात खेकडे पकडायचं आमिष ठेवायला लागले. त्याच्या वासाने जीव नकोसा व्हायचा. आपलं काम संपलं, असं मला वाटू लागलं आणि फार वाईट वाटलं.

मग ते चक्रीवादळ आलं. घराचं छप्पर गेलं, प्लॅस्टिकच्या बादल्या कुठच्या कुठे उडाल्या. मी जिन्याखालच्या चिखलात रुतून बसले म्हणून वाचले. पाणी ओसरल्यावर ओडीलबाईंनी मला उपसून काढलं आणि म्हणाल्या, "तू आहेस होय! चल, कामाला लाग." आम्ही दोघींनी मिळून घरातला चिखल काढला.

क्लोविस उत्तरेकडे जहाजाच्या कारखान्यात नोकरीला होता. तो म्हणाला, "आई, आता पुरे. राज्य सरकार एक प्रस्ताव आणतंय. आपत्तीत घर गेलेली माणसं उंच जागी राहायला गेली, तर त्यांना करात सूट मिळेल. तेवढी सूट मिळाली तर आपल्याला तिकडे घर घेता येईल."

"चल, जाऊ या," ओडीलबाई पहिल्याच बोलण्यात म्हणाल्या. क्लोविस तर वाद घालायच्या तयारीने आला होता. मग त्याने जरा चाचरत अट सांगितली. जुनी जागा कायमची सोडायची, तिथे पुन्हा कोणी पाऊल टाकायचं नाही.

"आणि चुना कोण लावणार?"

"आई, मेलेल्यांसाठी जिवंतांनी बुडायचं का?"

"बुडायचं नाही म्हणून तर निघालेय! पण निघाले म्हणून त्यांना टाकून दिलं असं नाही."

प्रस्ताव अजून मंजूर झाला नव्हता. राजधानीत, बॅटन रूजला, आमदारांची समिती लोकांचं म्हणणं ऐकून घेत होती. ओडीलबाईंनी चर्चला जायचा झगा घातला आणि मला हातात घेतलं.

"आमदारांना चुना लावायला निघालीस की काय?" क्लोविस म्हणाला.

"वेळ आली तर त्यांनाही लावीन."

विधानभवनाच्या दारावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. "आजी, बादली कशाला?"

"परत जाताना चुना घ्यायचाय. घरी ठेवली असती तर या पोराने भंगारात घातली असती." पहारेकरी हसला आणि त्याने आम्हाला आत सोडलं. मी ओडीलबाईंच्या मांडीवर बसून सगळं ऐकलं.

समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्ही जागा सोडलीत, तर मागे तिथे कोणी राहणार आहे का?"

"हो. सात जण."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग सवलत कशी मिळेल? घर रिकामं हवं."

"घर रिकामंच आहे. ते मागच्या अंगणात असतात."

"तंबूत?"

"नाही हो. थडग्यांत."

सगळे हसले. क्लोविसने शरमेने मान खाली घातली. ओडीलबाईंच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं. आमच्याकडे घरातली माणसं मोजताना गेलेल्यांनाही मोजतात. त्यात काही चुकतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"हसून झालं असेल तर बोलते," त्या म्हणाल्या. "मी घर सोडते. तिथे पुन्हा चूल पेटवणार नाही. पण वर्षातून एकदा माझ्या माणसांना चुना लावायला येऊ द्या. एवढं एक वाक्य प्रस्तावात घाला. नाहीतर आमच्या खाडीवरची म्हातारी माणसं जागेवरून हलायची नाहीत, आणि पुढच्या वादळात जातील."

आता कोणी हसलं नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "विचार करावा लागेल. आज शब्द देत नाही."

"नका देऊ. मी पुढच्या बैठकीला येईन. तेव्हाही नाही जमलं, तर त्याच्या पुढच्या."

सवलतीची वाट न बघता आम्ही नव्या गावात एक लहानसं घर भाड्याने घेतलं. प्रस्ताव अजून समितीपुढेच आहे. ओडीलबाई एकही बैठक चुकवत नाहीत. तो पहारेकरी आता आधी माझी विचारपूस करतो आणि मग त्यांची!

सणाच्या आदल्या दिवशी आम्ही बोटीने जुन्या अंगणात गेलो. ओडीलबाईंचे गुडघे वाकेनात. तेव्हा क्लोविसने त्यांच्या हातातला ब्रश घेतला. सहा थडगी झाली. वडिलांच्या थडग्यापाशी मात्र त्याचा हात थांबला. "बाबा, यंदा लांबून यावं लागलं," एवढंच तो म्हणाला. माझ्यातला चुना त्याने त्या दिवशी तळापर्यंत खरवडून लावला.

परतल्यावर नव्या शेजारणीने त्याला विचारलं, "तुमच्या त्या जुन्या जागेत आता कोणी राहत नाही ना?"

क्लोविसने मला हलकेच पायरीवर ठेवलं. "राहतात ना," तो म्हणाला. "सात जण."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी जुनी बादली कोपऱ्यात पडली असेल. तिला फेकण्याआधी तिच्या आत एकदा नीट बघा. आणि कधी घर सोडायची वेळ आलीच, तर जरूर सोडा, जीव वाचवा. पण निघताना तिला हातात घ्या, कारण मागे राहिलेल्यांकडे तुम्हाला पुन्हा जायचं आहे.