शाहपुऱ्यातली संजीवनी

“खुल गई! खुल गई!” मांडवात एकच ओरडा झाला आणि बायका ताडकन उभ्या राहिल्या. भोपाळात शाहपुऱ्याच्या तलावाजवळ दर गुरुवारी हरितनाथ महाराजांचा दरबार भरतो. मंचावर पितळी परातींची रांग. सकाळी त्यांत ठेवलेले वाळक्या काड्यांचे मुठीएवढे गोळे भजनं संपेपर्यंत उलगडून हिरवेगार झाले होते. कुणी रडत होतं, कुणी परातीतलं पाणी डोळ्यांना लावत होतं.

महाराज माइकवर सुरू झाले. “डॉक्टर कहता है, सूख गया, अब कुछ नहीं होगा. अरे, तू सूखे को हरा करके दिखा ना! जिसकी बूटी हरी, उसका मरीज हरा. फिर काहे की गोली, काहे की सुई?”

मी सत्तावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंय. ती बुटी मी बघताक्षणी ओळखली. उठून चार शब्द सुनावावेत असं अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हटलं, मरू दे, पाचशे माणसांपुढे वाईटपणा कोण घेणार? फटकळ म्हणून कॉलनीत माझी ख्याती, आणि नेमकी त्या दिवशी मी तोंडात गुळणी धरून बसले.

मला तिथे आग्रहानं नेलं होतं शेजारच्या प्रतिभानं. परतताना तिच्या हातात डबा होता, डब्यात एक वाळका गोळा.

“हा मेला भोंदू आहे गं,” मी म्हणाले.

“ताई, तुम्हाला सगळेच भोंदू वाटतात!” ती हसली. “बागेसाठी घेतलीय. ही जात नाहीये माझ्याकडे.”

मी विश्वास ठेवला, कारण बाई खरोखरच तशी होती. नागपूरची प्रतिभा नवऱ्याच्या, विक्रांतच्या, सरकारी नोकरीमुळे भोपाळात आली. तिची एकुलती एक शर्वरी सातव्या वर्षापासून मधुमेही. रोज चार वेळा इन्शुलिन टोचायचं. त्याच वर्षी प्रतिभानं बाग लावली. “पोरीला रोज टोचावं लागतं, तर रोज तिला दाखवायला काहीतरी फुललेलंही हवं,” असा तिचा हिशेब. म्हणून एकाच झाडाच्या वीस कुंड्या तिनं कधी केल्या नाहीत. उन्हाळ्याला मोगरा, पावसाळ्याला सोनटक्का, थंडीला शेवंती. गच्चीच्या रणरणत्या उन्हात सदाफुली आणि जास्वंद, जिन्याखालच्या सावलीत नेचे. कुठल्या कोपऱ्यात ऊन किती वाजता येतं हे तिला तोंडपाठ.

कॉलनीतल्या बायका सुकलेलं रोप घेऊन तिच्याकडे यायच्या. ती खोड नखानं किंचित खरवडायची. “आत हिरवं आहे, जगेल.” मग पाणी घालून वाट बघायची. दुसऱ्या दिवशी माती कोरडी झाली की खूश व्हायची. “पाणी ओढतंय! म्हणजे मूळ धरलंय.” तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

शुक्रवारी मी इंदूरला भावाकडे गेले. विक्रांत दौऱ्यावर जबलपूरला. रविवारी पहाटे त्याचाच फोन आला. प्रतिभानं त्याला जबलपूरला कळवलं होतं. “ताई, शर्वरी दवाखान्यात आहे, बेशुद्ध आहे.” मी मिळेल त्या गाडीनं निघाले. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

त्या दोन दिवसांत काय झालं ते प्रतिभानं मला नंतर सांगितलं, कुंड्यांमध्ये जमिनीवर बसून. शुक्रवारी सकाळी बुटी हिरवी झाली. शर्वरीनं टाळ्या पिटल्या. “आई, आज इंजेक्शनची छुट्टी?” आई म्हणाली, “छुट्टी!” दुपारी पोरीनं पाणी मागितलं. तांब्या संपला, पुन्हा मागितलं. रात्रभर मागत राहिली.

“ताई, मला आनंद झाला हो,” प्रतिभा म्हणाली. “मला वाटलं, पाणी ओढतेय. माझ्या पोरीनं मूळ धरलं.”

शनिवारी उलट्या सुरू झाल्या तेव्हा तिनं महाराजांच्या चेल्याला फोन केला. तो म्हणाला, “जहर निकल रहा है, माताजी. रुकना मत.” आणि ती थांबली नाही, सुई बंदच ठेवली; पोर बेशुद्ध पडली तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं.

खरं काय होतं ते तुम्हीही ऐका. इन्शुलिन नसलं की रक्तातली साखर शरीराला वापरता येत नाही. ती लघवीवाटे जाते आणि जाताना अंगातलं पाणी ओढून नेते. म्हणून तहान लागते. पोर आतून कोरडी पडत होती, आणि जिनं शेकडो झाडं जगवली ती आई ते पाणी बघून हरखत होती. मला हे तिला सांगावं लागलं. आयुष्यात इतका अवघड धडा मी कुणाला शिकवला नाही.

तेराव्यानंतर मी ती बुटी मागून घेतली आणि गच्चीवर उन्हात टाकली. चार दिवसांत तिचा पुन्हा वाळका गोळा झाला. गुरुवारी तो घेऊन दरबारात गेले. मी नको नको म्हणत असताना प्रतिभाही आली. पहिल्या भजनाआधी मी सगळ्यांदेखत गोळा वाटीत ठेवला आणि वरून घरच्या नळाचं पाणी ओतलं. ना मंत्र, ना फूल. भजनं संपली तेव्हा परातींतल्या बुट्या उघडल्या होत्या, आणि माझ्या वाटीतलीही.

मी मंचासमोर उभी राहून वाटी उंच धरली आणि हिंदीत सांगितलं, “ही संजीवनी बुटी सातपुड्याच्या खडकांवर उगवते. पाऊस थांबला की मिटते, पाणी मिळालं की उघडते. तिची जातच तशी आहे. हिला तीन तास लागतात, म्हणून यांची भजनं तीन तासांची! ती तुमच्या रोग्याला ओळखत नाही. पाणी मी ओतलं तरी उघडते, आणि माझा तर कशावरच विश्वास नाही.”

गर्दीत कुजबूज झाली. मी शर्वरीचं नाव घेतलं, काय घडलं ते सांगितलं. महाराजांनी डोळे मिटले, हात वर केला. “बूटी झूठी नहीं होती. उस बच्ची की माँ के मन में शंका रही होगी.”

मेल्याची जीभ झडली नाही! मी काही बोलणार तोच प्रतिभा उभी राहिली. समोर सगळे हिंदी बोलणारे, पण ती मराठीतच बोलली, आणि तरी प्रत्येकाला कळलं.

“शंका? माझ्या मनात शंका नव्हती, महाराज. एवढीशीसुद्धा नव्हती. असती तर मी तिला सुई टोचली असती. माझी पोर आज घरी असती.”

मग एका म्हाताऱ्यानं आपला डबा मंचाच्या पायरीवर ठेवला आणि बायकोला हाताला धरून बाहेर नेलं. त्याच्यामागून आणखी काही जण गेले. सगळे नाही गेले. काहींनी त्याही दिवशी महाराजांचे पाय धरले.

म्हणून हात जोडून सांगते, शंका घ्या. शंका म्हणजे पाप नव्हे. कुणी कितीही हिरवं करून दाखवो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळी, एक सुई बंद करू नका. आणि ज्यांना यातलं कळतं, त्यांनी वाईटपणाला भिऊन गप्प बसू नका. बारा वर्षांची शर्वरी त्या भोंदूमुळे गेली, आणि थोडी माझ्या गप्प बसण्यामुळेही गेली.