बोटीचो ताप

सत्तावन सालच्या मे महिन्यात मुंबईत फ्लू आला, तेव्हा आमच्या खात्यातली निम्मी माणसं आडवी झाली, मीही. गिरणीनं तापाची रजा दिली तीन दिवस. चौथ्या दिवशी मी साच्यावर, म्हणजे मागावर, उभा होतो. डोकं गरगरत होतं, पण उभा होतो. तेव्हापासून हा ताप तीन दिवसांचाच असतो, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मग वर्षाची हक्काची रजा घेऊन, खोकत खोकतच, पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीनं मालवणला उतरलो. आठवड्यात आमची वाडी तापानं फणफणली. लोक त्याला 'बोटीचो ताप' म्हणू लागले, तेही माझ्याकडे बघून. देवळात कौल लावला. आजाऱ्यानं नऊ दिवस खोलीतच राहायचं, चुलीला किंवा शेताला हात लावायचा नाही, असा देवाचा हुकूम झाला. मी हसलो. मुंबईचं पाणी प्यालेला माणूस, हसणारच.

माझी आये आणि शेजारची काशीबाई एकाच दिवशी तापानं पडल्या. चौथ्या दिवशी आयेचा ताप उतरला. लावणीच्या रोपांसाठी भाताचा तरवा पेरायचा होता, नांगर-बैलांचं जोत त्याच दिवशी मिळणार होतं आणि माझी रजा संपत आली होती. मी तिला उठायला सांगितलं.

"दिस भरूक नाय रे अजून, गंगाराम," ती भिंतीला धरून म्हणाली.

मुंबईत एवढ्यात माणसं कामाला लागतात, देवाला तापातलं काय कळतं, असं मी वैतागून बोललो. माझ्यापुढे ती कधी वाद घालत नसे. तिनं पदर खोचला आणि माझ्यामागून दिवसभर ढेकळं फोडली.

संध्याकाळी ताप पुन्हा भरला, दम लागला. मालवणहून डॉक्टर आणला, त्यानं इंजेक्शन दिलं. सातव्या दिवशी दुपारी आये गेली.

नऊ दिवस भरल्यावर काशीबाई न्हाऊन, काठी टेकत आमच्या अंगणात आली. पार हडकली होती, पण चालत होती. खोटं कशाला सांगू, तिला चालताना बघून मला तिचाच राग आला. देवाचं खरं झालं असं मी आजही म्हणत नाही. तिला नऊ दिवस निजू दिलं होतं, एवढंच.

ती पायरीवर बसली. बराच वेळ रडली.

"कोणी उठयल्यान रे तिका?"

"मिया," मी म्हटलं.