तरंगलेली लवंग

मसाल्याच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध लवंगबाबा बसले होते, पुढ्यात पाण्याचं काचेचं भांडं.

"पाणी कुणाची भीड ठेवत नाही!" बाबा गरजले. "निर्मळ माणसाची लवंग बुडते, दोष असलेल्याची तरंगते!"

बाबा पिशवीतून लवंग काढून द्यायचे, माणूस ती पाण्यात सोडायचा आणि गर्दी आ वासून बघायची. ज्याची तरंगेल त्याच्यासाठी दोष घालवणारं तेल तयारच. बाटली इवलीशी, भाव मात्र चांगलाच दणदणीत.

दालचिनी-लवंगा विकणाऱ्या मावशीला हे थोतांड वाटत होतं. त्यात दाढ ठणकत होती. पण तिने पोटच्या पोरीसारखी वाढवलेली भाची समोरच्या मिरीवाल्याची सून होणार होती, आणि होणाऱ्या व्याह्यांनी या परीक्षेचा हट्टच धरला होता. मुलगा बिचारा माल आणायला परगावी गेलेला. भाचीने लवंग सोडली. ती आडवी होऊन मजेत तरंगू लागली.

"अरेरे! जाईल त्या घराचं वाटोळं करील," बाबांनी निकाल दिला.

मिरीवाल्याचा चेहरा उतरला. "मावशी, राग मानू नका. हे लग्न आता होणे नाही."

भाचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि दाढेनेही नेमकी तीच वेळ साधली. सवयीने हात पुढे गेला, भांड्यातली लवंग उचलून तिने दाढेखाली धरली. चावली. पुन्हा चावली. ना झणझणाट, ना वास.

"बाबा, ही लवंग आहे की झाडूची काडी?"

"माई, तिने दोष शोषलाय!"

"असं होय?" मावशीने दुकानातली बरणी आणली. "सोड गं यातली एक."

भाचीची लवंग टुपकन बुडाली. गर्दीत चुळबुळ सुरू झाली. बाबांच्या मांडीखाली दडवलेली दुसरी पिशवी मावशीला दिसली. ते "विटाळ! विटाळ!" म्हणेपर्यंत मावशीने ती भांड्यात उपडी केली. झाडून सगळ्या लवंगा तरंगल्या.

"मिरीवाले, लवंगेचं पोतं घेताना काय बघता हो?"

"पाण्यात टाकून बघतो," मिरीवाला पुटपुटला. "चांगली असेल तर बुडते, किंवा पाण्यात उभी राहते. तेल काढून घेतलेली आडवी तरंगते..." आणि तो मध्येच थांबला.

"मग यांचं तेल गेलं कुठे?"

सगळ्या गल्लीने एकदम बाटल्यांकडे पाहिलं. मावशीने एक उघडून हुंगली, कापसाचा बोळा बुडवून दाढेत धरला. "दाढेला झकास आहे. दोषाचं मला ठाऊक नाही."

गल्ली खदाखदा हसली. बाबा सटकायला बघत होते, पण लोकांनी आधी पैसे परत मागितले.

मिरीवाला खाली मान घालून पुढे आला. "पोरी, चुकलं माझं. लग्न..."

भाचीने डोळे पुसले. "काका, लवंग घेताना जी अक्कल वापरता, ती माणूस पारखताना घरी ठेवून येऊ नका. एवढं कबूल असेल तर येते मी तुमच्या घरात."

"कबूल," मिरीवाला म्हणाला.