गुडघ्याखालची उशी

गुडघा बदललाय माझा, डोकं न्हाय. पण हे आमच्या घरात कुणाला पटंल तर शपथ!

बारामतीला ऑपरेशन झालं, टाकं सुकलं, आन माझ्या लेकानं, नागेशनं, मला जळोचीच्या फ्लॅटात दुसऱ्या मजल्यावर आणून ठिवलं. गावाकडं अंथुर्ण्याचं घर कुलपात, शेरडं शेजारच्या म्हस्कूकडं. माझी सगळी जिंदगानी मेंढरांमागं गेली. मालक गेले, मेंढरं गेली, आता ही शेरडंच काय ती सोबत. तर नागेश म्हणतो कसा, "आये, शेरडं इकून टाकू. पुढल्या म्हयन्यात म्हस्कूकडं व्यापारी येणार हाय. तू आता निस्ती बसून खा."

बसून खा म्हणं! मला काय डोहाळं लागल्यात?

भेटाय येणाऱ्यांची तर रीघच. हातात शहाळं न्हायतर बिस्किटाचा पुडा, आन तोंडात एकच, "मावशे, पायाला तरास देऊ नगं." जो येईल तो गुडघ्याखाली उशी सारायचा. सून वैष्णवी तर एकावर एक दोन लावायची. मायेनं करत्यात म्हणून मी बी गप. ठणका थांबायचा, बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग व्यायाम घ्यायला करुणाताई आली. उशी बघितली आन तिचं डोकंच फिरलं. "आजी, ही उशी तुमची वैरीण आहे. पाय असाच वाकडा राहिला तर कायमच्या लंगडाल."

तिनं उशी काढली आन गुडघा खाली दाबला. आगं बया! डोळ्यांम्होरं काजवं चमकलं. अशी बोंबलले की खालचा वॉचमन वर आला.

"खूप दुखतंय का? थांबू?" करुणाताईनं इचारलं.

"थांबशील तर बघ," मी म्हणलं. "दाब."

त्या दिवसापासनं रडले, शिव्या घातल्या, पण व्यायाम सोडला न्हाय. वैष्णवीनं हळूच उशी सारली की मी भिरकावून द्यायचे. पाय सरळ झाला, मग वाकाय लागला. करुणाताईनं जिना बी शिकवला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

नागेशला म्हणलं, "त्या व्यापाऱ्याला नको म्हणून सांग." तो हसला. "आधी एकटी जिना उतरून दाखव, मग बघू शेरडांचं." त्याला वाटलं, म्हातारी काय उतरतीय!

व्यापारी येणार त्या रविवारी सकाळी अंथुर्ण्याला निघायचं म्हणून तो गाडी पुसाय खाली गेला. मी काठी घेतली, कठडा धरला. "आत्याबाई, पडाल!" वैष्णवी मागं धावली.

"मागंच राहा. हात लावलास तर बघ."

मधल्या वळणावर खाली बघितलं. भ्या वाटलं, लई वाटलं. परत फिरावं म्हणलं, पण वर ती उशीच माझी वाट बघत होती. दात आवळलं आन उतरले.

नागेश फडकं हातात धरून बघतच राहिला. डोळं भरलं गड्याचं. "आये, पडली असतीस तर?"

"पडले असते तर उठले असते. शेरडं गेली असती तर कशापायी उठले असते रं?"

त्यानं तिथंच फोन काढला आन व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून सांगितलं. तेवढ्यात वैष्णवी वरनं पळत आली, गाडीत पायाखाली घ्यायला उशी घेऊन. मी ती नागेशच्या काखेत कोंबली.

"ही तुझ्या डोक्याखाली घे आन निवांत झोप. आता गाडी काढ, मला शेरडं चराय सोडायचीत."